काळ्याची जागा

घाटीगावच्या पुढे, डांबरी रस्ता
लाल मुरमात उतरतो तिथे
माझे अठरा बिघे आहेत. भविष्यनिर्वाह निधीतले.
लश्करमधले नातेवाईक विचारतात, काय पेरलंय?
मी म्हणते, गवत.
ते थोडा वेळ गप्प बसतात,
मग चहाचं बघतात.

पहिल्या वर्षी काटेरी तार काढली.
एकशे बारा खांब, हरबिलासने मोजले,
भंगारवाल्याने वजनावर नेले.
दुसऱ्या वर्षी विलायती बाभूळ,
मुळासकट, नाहीतर दुप्पट फुटते.
बोरी ठेवल्या, पळसाला हात लावला नाही.
पाण्याला खळगा केला, परातीसारखा उथळ,
पाडस घसरलंच तर
आपल्या पायांनी वर येईल असा.
कडेला हरभऱ्याचे चार तास.
त्यातला दाणाही घरी आणायचा नाही, असं ठरलं होतं.
(पहिल्या थंडीत ओंजळभर सोलाणे मी खाल्ले.
तेही वहीत लिहिलंय.)

माद्या आल्या.
त्यांच्या मागे बदामी रंगाची उनाड पोरं,
दीड पिळाची शिंगं मिरवत
चरली, भांडली, गेली.
ती नकोत असं नव्हतं.
पण मी थांबले होते म्हाताऱ्यासाठी,
जो वर्षावर्षाने काळा होत गेलाय,
जो बंदुका, मोकाट कुत्री, ट्रॅक्टरचे दिवे
आणि मोटारसायकलवरून मागे लागणारी पोरं
या सगळ्यांतून उरलाय.
असा एखादा जिथे बसून रवंथ करतो
ती जमीन बरी,
एवढंच मला कळत होतं.

तो आला. माझ्याकडे नाही.
शेजारच्या तोमरांनी कॉलनीसाठी
जेसीबी लावून सपाट केलेल्या रानात,
चुन्याच्या रेघांनी आखलेल्या
प्लॉट नंबर सदतीसवर
नाक आभाळाकडे करून उभा,
रजिस्ट्री झाल्यासारखा.

तीन दिवस मी जेवताना बोलले नाही.
छातीइतकं गवत माझं, वाऱ्यावर लवणारं,
आणि याला चुना आवडला!
चौथ्या दिवशी हरबिलास म्हणाला,
‘बाईसाब, उसे दूर तक दिखना चाहिए.’
आणि विळा पाजळायला बसला.

वाढू द्यायचं म्हणजे जपायचं, अशी माझी समजूत.
त्याच्या हिशेबात प्रत्येक उंच काडीमागे
एक लांडगा.
मधले चार बिघे घोट्याइतके कापले.
कडेनं उंचच ठेवलं, पाडसांना दडायला.
कापता कापता तितराची अंडी लागली,
तेवढा गोल सोडला.
पिल्लं कधीच निघून गेली,
गोल अजून तसाच आहे. उगाच.

मग एक रात्र तो राहिला.
मग सहा रात्री नाही. मग सलग तीन.
बत्तीस वर्षं गणित शिकवलेली बाई मी,
खुणा करत जाते.
त्याला बघायला जात नाही.
बघायला जाणं म्हणजे हाकलणंच,
हे समजायला एक आख्खा हिवाळा
आणि भारी दुर्बीण लागली;
दुर्बीण नंतर भाच्याला देऊन टाकली.
ऊन चढल्यावर, तो पलीकडे सरकल्यावर,
आम्ही दोघं जाऊन ढीग बघतो.
लेंड्या, चकचकीत,
रोज त्याच जागी, कालच्यांवर आजच्या.
वाकलेल्या काडीच्या टोकाला
डोळ्याखालचा चिकट काळा ठिपका पुसलेला.
हरबिलास तो हुंगतो आणि मान हलवतो,
मला कसलाच वास येत नाही.

तोमरांची कॉलनी आता उभी राहतेय.
सदतीसवर पाण्याची टाकी आली.
परवा भाच्याचा फोन,
मावशी, तिकडे आता काय चाललंय, बिघ्याला?
मी वही उघडली, बोट फिरवून मोजलं,
आणि सांगितलं,
गेल्या महिन्यात एकोणीस रात्री.