तिसरं कडवं

धानाच्या कोठीला आतून बारदाना ठोकला,
दाराला दोन गोधड्या.
मधे ती मशीन, ब्रह्मपुरीच्या भंगारातून
किलोच्या भावानं आणलेली.
हेडवर स्पिरिटचा बोळा फिरवला
की कापसाला तांबूस लागतं,
कुणाचं तरी जुनं भाषण असेल.

भागरथाबाई खुर्चीवर बसेना.
"खाली बसल्याबिगर गळा उघडत नाई, बाबू."
माइक उतरवला,
पालथ्या पायलीवर ठेवला.

दंडारीतलं गाणं, तिच्या मायकडून आलेलं.
तिसऱ्या कडव्याला शिवारातले पंप सुरू झाले,
व्होल्टेज पडलं,
चकत्या गाळातल्या चाकांसारख्या जड फिरल्या.
पुन्हा घेऊ, म्हटलं.
"आता मले भात टाकाचा आहे."

दुसऱ्या दिवशी वीज नीट होती.
टेप लावली.
मंद धावताना भरलेलं ते कडवं
आता चढ्या आवाजात आलं,
पातळ, घाईचं,
चौदा वर्षांच्या पोरीचं.
तेवढाच तुकडा कापायला
ब्लेड हातात धरून मी बसलेलो.

बाईनं पदर कानामागं सारला.
"कौसी होय ही," म्हणाली.
"आणखी एकडाव लाव."

चार वेळा लावली.
कौसी कोण, ते विचारलं नाही.
ब्लेड कागदात गुंडाळून
डबीत टाकलं.