नऊशे पोती

दोन विटा एकावर एक ठेवल्या, तेवढाच तो.
विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर,
जिथे पूर्वी बरण्यांत बेडूक असायचे,
तिथे आम्ही अकरा जणांनी जोडलेला.
त्याला दोन डोळे. एक आपल्यासारखा.
दुसरा तांबड्याच्या पलीकडचं पाहणारा.
त्याची काच बसवताना माझाच श्वास लागला
आणि कडेला एक पुसट डाग राहिला तो राहिलाच.
आता तो पाचशे किलोमीटर वर,
कुणाच्याच रुमालाला पोचत नाही.

वरून आलेला आकडा खरा की खोटा
हे खालीच ठरवावं लागतं.
म्हणून मी सरांना आमची कोसमटोली सुचवली.
तलावाच्या पाळीखालचं गायरान,
त्यावर तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद
पांढरं काहीतरी अंथरायचं.
एवढी जमीन म्हणजे त्याच्या लेखी एक ठिपका.

भोजराज कापगत्यांच्या राइस मिलमधून
फाटकी पोती मिळाली, नऊशे.
बचत गटाच्या बाया दाभण घेऊन बसल्या.
छापलेली लोंब खाली, कोरी बाजू वर.
शिवता शिवता चिमनाबाई वलथरे म्हणाल्या,
"तुज्या डब्याले आमची मासोरी दिसते का?"
नाही, काकू.
"मंग मी?"
तुम्हीपण नाही.
"मंग पाह्यते तरी का?"

मी लॅपटॉप उघडून दाखवलं:
दुसऱ्या डोळ्यात निसवलेलं धान लालभडक
आणि तलाव काळा कुळकुळीत,
कारण ते किरण पाणी गिळून टाकतं,
परत काही देत नाही.
"देत नाही कसं? शिंगाडे देते,"
असं म्हणून त्यांनी दोरा दातानं तोडला.

पहिल्या फेरीला ढग.
चार दिवसांनी दुसरी. तेव्हा तो
स्वतःभोवतीच गिरकी घेत राहिला
आणि आम्हाला काळोखाचे बावीस फोटो पाठवले.
नवव्या दिवशी, दहा वाजून सदतीस मिनिटांनी,
सगळी टोली माना वर करून उभी.
काही दिसलं नाही, दिसणारच नव्हतं.
एक बगळा गेला.
पोरांनी त्यालाच टाळ्या दिल्या.

चित्र रात्री उतरलं.
आमचा पांढरा चौकोन एका ठिपक्यात बसला नव्हता.
चार ठिपक्यांच्या चौकात पडला होता
आणि चौघांनी तो वाटून घेतला होता:
एकशे तेरा, एकशे एक, ब्याण्णव,
आणि माझ्या डागाखालचा चौथा, सत्त्याहत्तर.
आजूबाजूचं गायरान सत्तर.
सर म्हणाले, चालेल, बेरीज करता येते.
देवाजीकाका म्हणाले, सोसायटीत मासेबी असेच वाटतो,
चौथ्याच्या हिश्श्याले शेपटी.

सकाळी पोती उचलली.
खाली गवत पिवळंफटक,
नऊ दिवस उजेड न पाहिलेलं,
आणि त्याच्या कडा इतक्या सरळ
की चिमनाबाई आत पाऊल टाकेनात.
"हा का तुमचा फोटू?"
मी टेप लावून मोजलं.
एकोणतीस मीटर साठ. बाकीचं शिलाईत गेलं.

पुढच्या फेरीत, पोती नसताना,
दुसऱ्या डोळ्याला त्याच जागी
लाल जरासा कमी दिसला.
त्यानंतरच्या फेरीतही.
मग एका गुरुवारी आकडे सारखे झाले
आणि मला कळेना,
गवत भरून आलं की डाग पसरला.
नागपुरात बसून काय कळणार.
चिमनाबाईंना फोन लावला.
मागे म्हशीची घंटा, कुणीतरी पाण्यात उतरल्याचा आवाज.
सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाल्या,
"थांब. पाह्यून येते."