जानेवारीचं लोणी

थंडीत ओमेनाचं दूध पांढरंफटक.
त्यात तिची काही चूक नाही. पोटात वाळकं गवत,
गोठ्याच्या खिडकीला बर्फाची साय,
आणि दिवस एवढासा,
धार काढून होईस्तोवर मावळलेला.
ओमेना म्हणजे सफरचंद. गाय मात्र करडी;
नाव ठेवलं त्याला बहुधा भूक लागली असावी.

गावातल्या लोकांना लोणी पिवळंच लागायचं.
जूनमध्ये असतं तसं. पांढरं दिसलं की म्हणायचे,
गाय आजारी आहे, नाहीतर बाई आळशी.

आई तळघरात उतरायची,
वाळूत पुरलेली गाजरं उकरायची हळूहळू,
कोंबडीखाली हात घालावा तशी.
किसणं माझ्याकडे.
कीस कोमट दुधात, मग जुन्या उशीच्या अभ्र्यात,
आणि पिळून निघालेला तो केशरी ओघळ
सायीच्या पिंपात.
रवी फिरायची तासभर. आवाज आधी पातळ,
मग जाड, मग एकदम धप्प.
"बघ सेनी, आला उन्हाळा," आई म्हणायची.
बाहेर उणे सव्वीस.

मी विचारलं होतं, ही लबाडी नाही का?
ती फळीवर लोणी थापत होती, ताकाचा शेवटचा थेंब
निपटून काढत होती.
"गाय हिरवं खाते आन पिवळं देते,
तिला विचारतं का कुणी?"

घरी आम्ही खायचो ते पांढरंच.
गाजरं मोजून ठेवलेली असायची.

नीस्कानेन दुकानदार
लोण्याच्या वडीत सुरी खुपसून दिव्यापाशी धरायचा.
"तुमच्याकडे बर्फाखाली गवत उगवतं वाटतं?"
"उगवतं," आई म्हणायची, आणि पैसे मोजून घ्यायची
दोनदा.

आई फेब्रुवारीत गेली.
जमीन इतकी कडक की खड्ड्यासाठी
आधी शेकोटी पेटवावी लागली.
लोक घरी आले, ओले बूट दारात.
ताइमी मावशीला काय माहीत,
तिने चांगल्यातली बशी काढली
आणि घरातलं लोणी ठेवलं त्यात.
पांढरं. मला दिसलं तेव्हा उशीर झाला होता.
नीस्कानेनच्या हातात सुरी होती.

त्याने काळ्या भाकरीवर कडेपर्यंत लावलं.
खाल्लं. दुसरा तुकडा घेतला.
काही बोलला नाही.
निघताना टोपी घालता घालता दारात थांबला,
म्हणाला, "माझी आई झेंडूच्या पाकळ्या घालायची.
रंग बरा यायचा. चव जरा कडसर."

म्हणजे इतकी वर्षं सुरी, दिवा, ते सगळं
काय होतं, मला अजून नीट कळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र त्याला मी सांगितली नाही.
नऊ वर्षांची असताना किसणीवर
माझ्या बोटाचं पेर सोललं होतं.
किसात टपटप तीन-चार थेंब.
मी रडले ते दुखलं म्हणून नाही,
गाजरं वाया गेली म्हणून.
आईने बोटाला चिंधी बांधली,
भांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि अभ्रा पिळला.

त्या आठवड्यात नीस्कानेनने
वडी दिव्यापाशी जरा जास्तच वेळ धरली,
आणि दोन नाणी वर दिली.