वस्त्रगाळ

बाईंनी फळ्यावर जिना काढला.
तळाला पेशी, तिच्यावर ऊती, मग अवयव,
वर प्राणी, प्राण्यांचा कळप, कळपांची वस्ती,
आणि खडू झिजून बोट घासायला लागलं तिथे
घाईघाईत जीवावरण.
"स्पंज पहिल्याच पायरीवर बसून राहिला,"
थेमेलिनाबाई म्हणाल्या. "त्याला काळीज नाही, पोट नाही.
पेशी आहेत, आणि त्यांचं आपसात बरं चाललंय. एवढंच."
मागच्या बाकावर कोणीतरी हसलं.
आमच्या कालिम्नोसात चर्चची घंटासुद्धा
स्पंजाच्या पैशांतून ओतलेली;
पहिल्या पायरीवरच्याने अख्खं बेट पोसलं होतं.

मग त्यांनी बादलीतला जिवंत तुकडा उचलला,
काळा, बुळबुळीत, न्हाणीघरातल्या पिवळ्या स्पंजाशी
कसलंही नातं न सांगणारा,
मलमलीत बांधला
आणि भांड्यातल्या समुद्राच्या पाण्यात पिळला.
पाणी गढूळ झालं.
"आता हा मेला का?"
कोणालाच सांगता आलं नाही. बाईंनीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तळाशी कण होते,
मोहरीएवढे. वस्त्रगाळ झालेल्या पेशी
रात्रभर सरपटत, चाचपडत,
एकमेकींना ओळखून चिकटल्या होत्या.
दोन जातींच्या मिसळल्या तरी, बाई म्हणाल्या,
त्या आपापलं माणूस शोधतात.
"माणूस" म्हणाल्या आणि स्वतःच थबकल्या.

मी हे आजोबांना सांगितलं.
आजोबा म्हणजे साकेलारिस, दोन काठ्यांचे.
पस्तीस वाव खोलातून ते एकदा घाईने वर आले
आणि एक बुडबुडा, मोहरीहूनही लहान,
त्यांच्या कण्यात राहायला आला.
बुडबुड्याने नस धरली, नसेने पाय,
पायांनी आजोबांना खुर्चीत बसवलं,
खुर्चीने आजीला लोकांच्या धुण्याला धाडलं,
काका फ्लोरिडाला गेले, त्यांच्यामागे शेजारचे,
त्यांच्यामागे गल्ली.
बाईंचा जिना असाही चढता येतो.

तिकडे टारपन स्प्रिंग्जमध्ये, काका फोनवर सांगतात,
सगळे पुन्हा एकाच रस्त्यावर जमलेत.
तोच पाव, तीच भांडणं;
दुसऱ्या बेटाचे लोक पलीकडच्या फुटपाथवर.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. विचारलं,
"आणि फडक्यात काय उरलं?"
चोथा, मी म्हटलं. नुसते धागे.
"तोच तर आम्ही विकायचो.
डेकवर तुडवायचं, धुवायचं,
जिवंत होतं तेवढं सगळं काढून टाकायचं.
उरेल त्याला भाव."
मग खिडकीतून खालच्या बंद घरांकडे बघत राहिले
बराच वेळ. मी विषय बदलला.

शनिवारी मी त्यांची पाठ चोळते.
स्पंज जुना आहे, त्यांनीच कधीतरी वर आणलेला;
एका बाजूने झिजलाय,
पण पाण्यात टाकला की अजून फुगतो,
त्याच्या रिकाम्या खोल्याखोल्यांतून
कोमट पाणी राहायला येतं.
कण्याच्या त्या जागेवर मी जरा दाबते.
"वर," ते म्हणतात. "अजून थोडं वर.
सावकाश."