पाटी नसलेली इमारत

रात्री पावणेदोनला लोकेंद्र कुशवाहचा फोन :
"मॅडम, जिन्सी नाला नंबर दो पे खड़ा हूँ। आगे?"

आमच्या इमारतीला पाटी नाही. सुरक्षेसाठी, म्हणे.
आत चार हजार पत्ते, एकाचीही गल्ली चुकत नाही
आणि माझ्या पराठ्यांना तेवढी वाट सापडेना.

पडद्यावर दहा, चार, सतरा, तेवीस.
हे संध्याकाळपर्यंत नवव्या रॅकमध्ये राहत होतं.
तिथला पंखा घरघरायला लागला,
म्हणून चालू कामासकट उचलून दुसऱ्यात ठेवलं.
पत्ता तोच.
बाहेर कुणाला पत्ताच नाही.
फक्त दारातल्या स्विचनं आपल्या वहीत
एक ओळ खोडली, एक लिहिली.

आमचं असं सफाईनं झालं नाही.
महाडिकांची गोठ सोडून सिटी सेंटरला आलो, आठ वर्षं झाली;
बाबांच्या पेन्शनची पत्रं अजून तिकडंच जातात.
खालचा शिंपी, हरिमोहन माहौर,
ती मशीनच्या खणात बॉबिनांशेजारी जपून ठेवतो
आणि महिन्याकाठी फोन करतो : "बाईसाहेब, डाक।"
पत्त्यात महाडिक होते.
आम्ही तिथं असेपर्यंत एकही भेटला नाही.

नव्या पोरांना मी सांगते,
अख्खा रस्ता कुणालाच ठाऊक नसतो, बाळांनो.
या चौकाला पुढचा चौक माहीत, बस्स.
वर जायला चार सारखेच जिने,
एक ढासळला तरी ओरडायचं नाही.
आणि प्रत्येक पाकिटावर चौसष्टचा आकडा असतो,
दर नाक्यावर एक वजा.
चकव्यात सापडलेलं पाकीट
गोल गोल फिरून शून्यावर गुपचूप मरतं.
मरू द्यावं. नाहीतर तेच ते फिरत राहतं
आणि बाकीच्यांचा रस्ता अडतो.
(हे सांगताना मला एक काका आठवतात. ते जाऊ दे.)

लोकेंद्रला मी नकाशा पाठवला नाही.
म्हटलं, "पुलिया के बाद जो दिखे, उसी से पूछो :
वो बिल्डिंग, जो रात भर भनभनाती है।"

दोन वाजून बारा मिनिटांनी फाटक वाजलं.
लोणचं पिशवीभर सांडलेलं, पराठे गार.
"पूरे ग्यारह लोगों से पूछा, मॅडम,
पता किसी को नहीं मालूम था।
यहाँ होता क्या है?"

मी हातातल्या हातात हिशेब केला.
त्रेपन्न शिल्लक.
म्हटलं, पाणी पिऊन जा.