भोगवटदार

मार्चचे शेवटचे आठ दिवस.
टाकीमागच्या पडीकात पळस पेटलेत
आणि नगर पंचायतीच्या आवारात
पुंजाराम खंडारे डफडी शेकतोय
गेल्या सालच्या मागणी बिलांच्या जाळावर.
कातडं तापलं की ताणतं, बोलतं.
बिलं नुसती जळतात.

मी वसुली लिपिक.
माझ्याकडे यादी, कार्बन घातलेलं पावतीबुक
आणि ठरावाची प्रत :
थकबाकीदाराचे दारी पाच मिनिटे वाद्य वाजवावे,
वाजवणाऱ्यास रोज चारशे.
ठरावात वाजवणाऱ्याचं नाव नाही.

तो राहतो बाजारओट्यांमागे,
म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या बारा खोल्यांतल्या सातवीत.
भाडं महिन्याला दीडशे.
उंबरठा नाही, उतार आहे.
संडासात धरायला लोखंडी दांडी.
आठवीत कवडाबाई उईके, मोहफुलं वेचून गुडघे गेलेली.
नववीत रहेमतबी, जन्मभर बांगड्या भरल्या लोकांना.
छत टिनाचं.
दुपारी बाराही जणं निंबाखाली खाटा काढतात
आणि सावलीमागे सरकत सरकत
चार वाजेपर्यंत बोअरवेलला टेकतात.

टिनाच्या जागी स्लॅब टाकायचा तर पैसे घरपट्टीतून.
म्हणून यादी. म्हणून डफडी.

कृषी केंद्राचं शटर अर्धं खाली आलं.
माजी उपाध्यक्षाकडे आतून कुत्रं बोललं.
एक जण म्हणाला, "वृक्षकर कायचा बाप्पा?
माह्या दारचा निंब तर तुमीच नेला रस्त्यात."
बरोबर होतं त्याचं.
मी लिहिले वृक्षकराचे एकवीस रुपये.

चौदावं नाव मी बोटाखाली झाकून ठेवलं होतं :
राजहंस पुंजाराम खंडारे, वॉर्ड तीन,
अठरा हजार सहाशे चाळीस, शास्ती धरून.
म्हटलं, हा बोळ उद्या करू.

"यादीत हाये ना?
मंग रांग कावून मोडता, साहेब?"

आणि उभा राहिला त्या दारासमोर
ज्याची चौकट त्यानंच बसवली होती.
टाइलच्या एका कोपऱ्याशी जुना गेरू अजून दिसतो.
पाच मिनिटं.
मी घड्याळ पाहत होतो. घड्याळ असलं की बरं असतं,
नजर कुठे ठेवायची ते ठरलेलं असतं.
वाजवलं ते वरातीचं नव्हतं,
खांदेकऱ्यांनाही चालता आलं नसतं त्यावर.
राजहंस गॅलरीत आला. आत गेला.
शेजारच्या पोरानं मोबाईल धरला,
त्याच्या आईनं त्याचा हात खाली केला.

मग सून आली. पाण्याचा गिलास
आधी त्याला, नंतर मला.
शिलाई मशीनच्या खणातून दोन हजार काढले,
पन्नासच्या, विसाच्या नोटा,
मध्ये ब्लाउजच्या मापांच्या चिठ्ठ्या.
चिठ्ठ्या तेवढ्या वेचून परत घेतल्या.
"मामाजी, बीपीची गोळी घेता ना?"
"घेतो."

परततांना बराच वेळ काही नाही.
मग, पाणीपुरवठ्याच्या कोपऱ्यावर,
"दोन हजारात किती सलाब निंगते, साहेब?"
मी हिशेब केला.
अर्ध्या खाटेवर पुरेल एवढा.
"मंग डोक्याकडून टाकजा."

संध्याकाळी रजिस्टर उघडलं.
मालमत्ता क्रमांक नऊशे बारा, खोली सात.
मालक : नगर पंचायत.
भोगवटदार : पुंजाराम खंडारे.
सरकारी शब्द आहे, राहतो तो भोगवटदार.
भोग त्यात छापूनच येतो.
मालकाकडेही बाकी निघते,
दिवाबत्ती, शिक्षण कर.
ती नोटीस मीच काढतो, आवक करून मीच घेतो.

खोल्या मागणाऱ्यांची वही वेगळी.
त्रेचाळीस नावं शाईनं,
चव्वेचाळीसावं पेन्सिलीनं, माझं.
निवृत्तीला दोन वर्षं आहेत,
मुलगा नागपूरला, फ्लॅटच्या हप्त्यांत.
अधूनमधून खोडतो नाव.
खोडलेलंही वाचता येतं.

रात्री गारव्यानं डफडीचं कातडं सैल पडतं.
उद्या वॉर्ड चार.
थोडी बिलं बाजूला ठेवलीत, जाळाला.