वासी उत्तरायणाची सहल

पत्रकाचा मजकूर मी लिहिते.
सुधन्वा गाडी चालवतो.
दांडिया बाजारातून सकाळी सहाला निघणे,
पादराला चहा, जंबुसरला सेव-उसळ
(तर्री जादा हवी असल्यास ज्याची त्याने),
नंतर समुद्र.

पहिल्या वर्षी ‘निळाशार’ लिहिलं होतं.
दोघांनी पैसे परत मागितले.
तेव्हापासून नुसतं ‘समुद्र’.
विशेषण ज्याने त्याने घरून आणावे.

कंबोईचा समुद्र चहाच्या रंगाचा, दूध कमी पडलेला,
आणि दिवसातून दोनदा तो घरी नसतो.
नसतो तेव्हा महादेव दिसतो,
परततो तेव्हा महादेव पाण्याखाली.
त्याच्या येण्याजाण्याचा हिशेब आमच्या भिंतीवर:
तिथीची पाऊणपट,
वर आखाताचा उशीर,
जो सुधन्वा एका माच्छीकडून
दोन बिड्यांच्या बदल्यात शिकला.
संकष्टीचा चंद्रोदय ज्या कागदावर बघायचा
त्याच कागदावर भरती.

यंदा गाडी नेली पंधरा जानेवारीला.
आदल्या दिवशी सगळं बडोदं गच्चीवर होतं.
तेवीस सीटं, तेवीस बसलेले घसे,
बोटांना चिकटपट्ट्या, नाकाचे शेंडे सोललेले.
कोणीतरी सवयीने ‘काप्यो छे’ ओरडायला गेलं
तर नुसती हवा आली.
तारांत अडकलेले पतंग पादरापर्यंत सोबत होते,
मग बाभळी,
मग बाभळीसुद्धा विरळ.

सहा नंबरला दिगंबरराव चांदोरकर.
वय एकोणसत्तर,
म्युनिसिपालटीच्या पाणीखात्यातून निवृत्त.
समुद्र पाहिलेला नाही.
कसं काय हो?
म्हणाले, सूरसागर होता ना खिडकीखाली.
नावात सागर, काठावर भेळ,
मधोमध महादेव, तो कधी बुडाला नाही.
आणि पतंग? काल उडवलात की नाही?
छे, मी फक्त फिरकी धरली नातवाची.

जंबुसरच्या पुढे टायर बसलं.
पोचलो तोवर समुद्र निघून गेलेला.
क्षितिजापर्यंत चिखल,
इस्त्री करायचा राहिलेला.
‘हा?’ दिगंबरराव म्हणाले.
मी पर्समध्ये पत्रक चाचपलं,
त्यात खोटं काही नव्हतं, तरी.

पोरं खेकड्यांच्या मागे गेली.
शिंदे काकूंनी डबा उघडला, शिळं उंधियू,
जे ताज्यापेक्षा बरं लागतं.
एकाने वाचलेला पतंग काढून सोडला.
वारा भरपूर, पेच लावायला आकाशात कुणी नाही.
पतंग वर जाऊन थांबला,
लग्नाला फार लवकर आलेल्या पाहुण्यासारखा.

मग पाणी आलं.
आवाज नव्हता.
आधी चिखल चमकला, मग चमक हलली,
मग खेकड्यांची भोकं एकेक करून मिटली.
भोंग्यावरून पुजारी सगळ्यांना वर बोलवू लागला.
दिगंबररावांनी घड्याळ काढून हातात धरलं:
मिनिटाला किती लिटर असेल हो,
पाइप किती इंची धरायचा?
थोडा वेळ ओठ हलत होते.
मग घड्याळ खिशात गेलं.

शेवटच्या कोरड्या पायरीवर ते वाकले,
हात बुडवला,
आणि चटका बसावा तसा मागे घेतला.
उजव्या तर्जनीवर, मधल्या पेरावर,
मांज्याची चीर. ताजी. खोल.

फिरकी धरणाऱ्याचं बोट तिथे कापत नाही.
हे बडोद्यात शेंबडं पोरही सांगेल.
मी काही बोलले नाही.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
बोट परत पाण्यात घातलं
आणि तसंच ठेवलं,
महादेवाच्या वरचा झेंडा तेवढा उरेपर्यंत.

येताना सगळी गाडी झोपली होती.
सहा नंबरचा दिवा चालू.

फेब्रुवारीच्या पत्रकात एक ओळ वाढवली आहे,
समुद्राच्या खाली, बारीक अक्षरात:
बोटाला चीर असल्यास
पट्टी न लावता यावे.